इंजिनाची बेअरिंग घरी बदलताना: कष्ट कुठे आपले, पैसा कुठे घालायचा

शेल बेअरिंगचा एक अर्धा भाग हातात घेतला तर दिसते ती दीड-दोन मिलिमीटर जाडीची, अर्धगोल वाकवलेली पट्टी. पाठ पोलादाची. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियम-कथिलाचा किंवा तांबं-शिशाचा थर, आणि काही प्रकारांत त्यावर आणखी एक मऊ मुलामा, जेमतेम ०.०२ मिमीचा. इंजिन चालू असताना क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा, या पट्टीला टेकत नाही. दोघांच्या मध्ये तेलाचा पापुद्रा असतो आणि सगळा भार तोच उचलतो. बेअरिंग बदलणं म्हणजे त्या पापुद्र्याला हवी तेवढीच जागा पुन्हा करून देणं. बोल्ट सोडणं आणि आवळणं त्यामानाने सोपं आहे.

म्हणूनच ‘घरी करू की महागडे स्पेशल पार्ट घेऊन तज्ज्ञाकडे देऊ’ हा प्रश्न असा सरळ विचारला की उत्तर चुकतं. खोलणं, साफ करणं आणि जोडणं ही मजुरी वाचवता येते. मोजमाप वाचवता येत नाही. कोटिंगवाली बेअरिंग, रेसिंगचे बोल्ट, खास किट यांवर पैसा घालायचा की नाही हे मोजमाप हातात आल्यावरच ठरतं, आधी नाही. खराब जर्नलवर (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) जगातलं सगळ्यात भारी बेअरिंग बसवलं तरी ते तितक्याच लवकर जातं.

आधी खात्री करा की बेअरिंगच गेलंय

बिग एंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचा आवाज टणक आणि जलद असतो. अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवला किंवा सोडला की तो जास्त ऐकू येतो. मेन बेअरिंगचा, म्हणजे क्रँकला इंजिनाच्या ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेअरिंगचा, आवाज खोल, जड ठोक्यासारखा असतो आणि इंजिनावर भार आला की वाढतो. इंजिन गरम झाल्यावर तेल पातळ होतं, त्यामुळे दोन्ही आवाज गरम इंजिनात वाढतात. गार असताना येऊन गरम झाल्यावर जाणारा आवाज बहुधा पिस्टनचा असतो. त्यासाठी चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, खोलू नका.

पेट्रोल इंजिनात एकेका इंजेक्टरचा कनेक्टर थोडा वेळ काढून पाहा. एखाद्या सिलिंडरला आवाज स्पष्ट बदलला तर त्याच रॉडवर संशय घ्या. कॉमन रेल डिझेलमध्ये हीच चाचणी हाय प्रेशर पाइप ढिला करून कधीही करू नका. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते.

तेलाचा दाब डॅशबोर्डच्या दिव्यावरून ठरवू नका, तो फार उशिरा पेटतो. ऑइल प्रेशर स्विच काढा, त्या जागी यांत्रिक गेज लावा आणि इंजिन पूर्ण गरम करून वाचा. ढोबळ अंदाज असा की दर १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय दाब मिळायला हवा. नेमका आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. त्यानंतर जुना ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडा. चकचकीत कण चुंबकाला चिकटले तर ते लोखंड-पोलाद, न चिकटणारे रुपेरी कण अ‍ॅल्युमिनियम आणि पिवळसर-लाल कण तांब्याच्या थराचे. घडीत दोन-चार ठिपके असणं चालतं. तेलात रुपेरी रंग मिसळल्यासारखं दिसत असेल तर गाडी त्याच क्षणी थांबवा आणि पुन्हा चालू करू नका.

गाडीतल्या गाडीत काय जमतं

रॉड बेअरिंग अनेक इंजिनांत खालून, चेंबर उतरवून बदलता येतात. सबफ्रेम (इंजिनाखालची लोखंडी चौकट) आडवी येत असेल तर इंजिन वरून सपोर्ट बारवर टांगून ती खाली घ्यावी लागते. मेन बेअरिंगचं वेगळं आहे. जुन्या, सुट्या कॅपच्या (बेअरिंगचा खालचा अर्धा भाग धरणारं, बोल्टने आवळायचं झाकण) इंजिनांत वरचं शेल क्रँकच्या तेलाच्या भोकात छोटी पिन अडकवून, क्रँक फिरवून बाहेर सरकवता येतं. पण त्यात मेनचा जर्नल धड मोजता येत नाही, आणि न मोजता बदललेलं बेअरिंग हे अंदाजाचं काम. नव्या अ‍ॅल्युमिनियम इंजिनांत मेन कॅप बहुधा एकाच सलग फ्रेममध्ये ओतलेल्या असतात. तिथे इंजिन खाली उतरवल्याशिवाय मेनला हात घालू नका.

मोटरसायकलच्या बहुतेक सिंगल सिलिंडर इंजिनांत शेल नसतातच. तिथे प्रेसने जोडलेला क्रँक आणि रोलर बेअरिंग असतं. तो क्रँक उघडायला हायड्रॉलिक प्रेस लागतो, जोडल्यावर व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने रनआऊट, म्हणजे फिरतानाचा वाकडेपणा, काढावा लागतो. हे काम सरळ क्रँकवाल्याला द्या. पुढचं सगळं शेल बेअरिंगविषयी आहे.

लागणारं सामान

टॉर्क रेंच, अँगल गेज, ०.००१ मिमी वाचणारा आऊटसाइड मायक्रोमीटर (जर्नलनुसार २५–५० किंवा ५०–७५ मिमीचा), शक्य असेल तर डायल बोअर गेज, हिरवा प्लास्टिगेज (फट मोजायची, दाबल्यावर चपटी होणारी मऊ तार), असेंब्ली ल्यूब, धागे न सुटणारं कापड, ब्रेक क्लीनर, चेंबरचं सीलंट, नवे रॉड बोल्ट, तेल आणि दोन फिल्टर. दुसरा फिल्टर का, ते पुढे येईल. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. चांगल्या क्षमतेचे स्टँड लावा आणि वर गाडी हलवून पाहा.

वापरलेले रॉड बोल्ट पुन्हा लावायचे नाहीत, असं मॅन्युअलमध्ये असेल तर त्यात तडजोड नको. टॉर्क अधिक कोन या पद्धतीने आवळायचे बोल्ट मुद्दाम त्यांच्या ताणमर्यादेपर्यंत ओढलेले असतात. दुसऱ्यांदा ओढले की ते तुटू शकतात, आणि तुटलेला बोल्ट रॉड ब्लॉकमधून बाहेर काढतो. जुने बोल्ट टाकून मात्र देऊ नका. प्लास्टिगेजच्या मोजणीसाठी तेच वापरा म्हणजे नव्यांचा ताण फक्त एकदाच, शेवटच्या जोडणीला, पडतो.

खोलणं

बॅटरी काढा. तेल कोमट असताना काढा. चेंबर सोडल्यावर आधी पिकअपची, म्हणजे पंपासाठी तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाची, जाळी पाहा. तिथे सीलंटचे जुने तुकडे अडकलेले असतील तर बेअरिंग जाण्याचं कारण तिथेच सापडलं असं समजा.

प्लग काढून क्रँक हाताने फिरवा, सरळ चार सिलिंडरच्या इंजिनात १ आणि ४ नंबरची जोडी खाली येईल असं. कॅपवर नंबर आहेत का पाहा. नसतील तर रॉड आणि कॅप दोन्हींवर एकाच बाजूला मार्करने खूण करा. ठोकून खूण करू नका. हल्लीचे बरेच रॉड तोडून बनवलेले असतात: आधी अखंड घडवतात, मग कॅप फोडून वेगळी करतात, म्हणून दोन्ही तोंडांची खडबड एकमेकांतच बसते. ही कॅप दुसऱ्या रॉडवर किंवा उलटी लावली तर जोडी कायमची वाया जाते. ते तोंड जमिनीवर टेकवूही नका.

बोल्ट दोन-तीन टप्प्यांत आलटून-पालटून सोडा. कॅपला प्लास्टिकच्या हातोडीने बाजूने हलके ठोके द्या. रॉडमध्ये बोल्ट अडकून राहणारे असतील तर त्यांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर रॉड वर सरकवताना आट्यांचा ओरखडा थेट जर्नलवर जातो. एका वेळी एकच रॉड उघडा.

जुनं शेल वाचा

घाईत हे शेल कचऱ्यात जातात, आणि तिथेच मोठी चूक होते. शेल क्रमाने, वरचं-खालचं अशा जोडीने, पुठ्ठ्यावर मांडा आणि उजेडात पाहा.

मधल्या भागात सारखा राखाडी मळकट पट्टा असेल तर ही नेहमीची झीज. भार जिकडून येतो ते शेल जास्त झिजलेलं दिसणं स्वाभाविक आहे. रॉडमध्ये ते वरचं असतं, मेनमध्ये खालचं. तांबं-शिशाच्या शेलमध्ये लालसर रंग डोकावू लागला म्हणजे मऊ मुलामा संपला. अ‍ॅल्युमिनियमच्या शेलमध्ये तांबं दिसायचं कारणच नाही, त्यामुळे ‘लाल दिसत नाही म्हणजे ठीक’ हा निकष तिथे लावू नका. परिघाच्या दिशेने समांतर ओरखडे आणि रुतलेले कण असतील तर घाण आत गेली आहे, कारण फिल्टर, एअर इनटेक किंवा मागच्या कामातली अस्वच्छता. एका कडेलाच चकाकी असेल तर रॉड वाकला आहे किंवा जर्नल निमुळता झाला आहे. दोन्ही सांध्यांजवळ चकाकी असेल तर रॉडचं भोक गोल राहिलेलं नाही किंवा कॅप सरकून बसली होती. काळपट, वितळून पसरल्यासारखा पृष्ठभाग म्हणजे तेल पोहोचलंच नाही. भेगा पडून ढलपे उडाले असतील तर अतिभार, नॉकिंग किंवा कमी आरपीएमवर वरच्या गिअरमध्ये ओढत चालवणं.

शेल उलटं करून पाठही पाहा. पाठीवर चकाकलेले, घासलेले डाग असतील तर शेल आपल्या जागेत हलत होतं. तशा रॉडचं भोक मोजल्याशिवाय नवं शेल बसवायचं नाही. शेल फिरलंच असेल तर तो रॉड मशीनशॉपला जातो, घरी त्यावर इलाज नाही.

मोजमाप

जर्नल ब्रेक क्लीनरने पुसा, नखाने आडवं घासून पाहा. नख अडकेल असा ओरखडा असेल तर पॉलिशने भागत नाही, ग्राइंडिंग लागतं. मग मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल दोन ठिकाणी, पुढे आणि मागे, आणि प्रत्येक ठिकाणी ९० अंशांत दोनदा मोजा. पुढच्या-मागच्या आकड्यातला फरक म्हणजे निमुळतेपणा, दोन दिशांमधला फरक म्हणजे अंडाकारपणा. बहुतेक मॅन्युअलमध्ये ही मर्यादा ०.०१ मिमीच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. फक्त झिजलेल्या दिशेने एकदा मोजून समाधान मानलं तर काहीच कळत नाही.

मायक्रोमीटर आणि क्रँक दोन्ही एकाच तापमानाला येऊ द्या. ५० मिमीचं पोलाद दर १० अंश सेल्सिअसला साधारण ०.००६ मिमी वाढतं. उन्हात तापलेला मायक्रोमीटर घेऊन मोजलं तर आकडा तिथेच फसवतो.

बोअर गेज असेल तर हिशेब असा. रॉडचं भोक शेल न घालता, कॅप पूर्ण टॉर्कने आवळून मोजलं, समजा ५१.०१० मिमी. शेलची मधली जाडी १.४८६, म्हणजे दोन्हींची मिळून २.९७२. उरलं ४८.०३८. जर्नल ४७.९९० असेल तर क्लिअरन्स, म्हणजे तेलासाठीची फट, ०.०४८ मिमी. आकडे नमुन्याचे आहेत, रीत हीच. शेल घालून आतून मोजायचं असेल तर सांध्याजवळ मोजू नका, कारण शेल तिथे मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं.

बोअर गेज नसेल तर प्लास्टिगेज. हिरवी तार ०.०२५ ते ०.०७६ मिमी दाखवते आणि प्रवासी गाड्यांच्या बेअरिंगला तीच लागते. शेल आणि जर्नल पूर्ण कोरडे करा, तारेचा तुकडा जर्नलवर क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कने आवळा. आता क्रँक अजिबात फिरवू नका. फिरला तर तार पसरते आणि मोजणी वाया जाते. कॅप काढून चपटी झालेली तार वेष्टनावरच्या पट्ट्यांशी ताडून पाहा. जितकी रुंद तितकी फट कमी. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद दिसली तर जर्नल निमुळता आहे. मॅन्युअल हाताशी नसेल तोवरचा ढोबळ नियम म्हणजे व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी फट, ५० मिमीला ०.०५ मिमी. अंतिम शब्द मॅन्युअलचाच. कमी फट घट्ट आणि चांगली असं वाटत असेल तर ते मनातून काढा. फट कमी झाली की तेल कमी वाहतं, बेअरिंग तापतं, आणि तेच आधी जातं.

आता पैसा कुठे

जर्नल मापात असेल आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर मूळ दर्जाचे स्टँडर्ड शेल पुरेसे आहेत. पण ‘स्टँडर्ड’ हा एकच आकार नसतो. बऱ्याच इंजिनांत क्रँक आणि ब्लॉक किंवा रॉडवर अक्षर-आकड्यांचे कोड ठोकलेले असतात आणि त्यांच्या जोडीवरून कोणत्या रंगाचं शेल लावायचं हे तक्ता सांगतो. रंगांमधला फरक काही मायक्रॉनचाच असतो, तरी त्यावरच फट ठरते. रंगांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. जुन्या शेलचा रंग पाहून तसंच मागवणं हीही चूक, कारण आधी कुणी चुकीचं लावलेलं असू शकतं. कोड वाचा, शेल आणा, आणि तरीही मोजा.

जर्नल मर्यादेबाहेर असेल तर पैसा ग्राइंडिंगला द्या. अंडरसाइज शेल, म्हणजे घासून बारीक झालेल्या जर्नलसाठीचे जाड शेल, ०.२५, ०.५० आणि काही इंजिनांना ०.७५ मिमीचे मिळतात. आधी शेल उपलब्ध आहेत का बघा, मग क्रँक घासायला द्या. ग्राइंडिंगवाल्याला दोन प्रश्न विचारा. क्रँक नायट्राइड केलेला (नायट्रोजनने पृष्ठभाग कडक केलेला) असेल तर कडक थर पातळ असतो, तो घासून गेल्यावर पुन्हा नायट्रायडिंग करणार का? आणि जर्नलच्या कडेची गोलाई किती ठेवणार? गोलाई मोठी राहिली आणि शेलच्या कडेला उतार नसेल तर शेलची कड त्या गोलाईवर चढते आणि पहिल्याच तासात जळते.

खास कोटिंगवाले शेल हा खरा उपयोगी पार्ट आहे, पण मर्यादित जागी. त्यावरचा मॉलिब्डेनम डायसल्फाइड किंवा ग्राफाइटयुक्त थर काही मायक्रॉनचाच असतो. गार इंजिन चालू करतानाच्या पहिल्या क्षणांत, तेलाचा पापुद्रा तयार होण्याआधी, तो धातूला धातू लागू देत नाही. वारंवार बंद-चालू होणाऱ्या, टर्बो लावलेल्या, उच्च आरपीएमवर चालणाऱ्या इंजिनात त्याचा फायदा आहे. थर फटीतली जागा खातो, म्हणून मोजमाप कोटिंगसकटच करा आणि थर खरवडून काढू नका. काही कंपन्या ०.०२५ मिमी जादा फटीचेही शेल देतात. मोजमाप किंचित घट्ट येत असेल तर तेव्हा ते घ्यायचे. रोजच्या साध्या इंजिनाला या दोन्हींची गरज सहसा नसते.

जास्त ताकदीचे रॉड बोल्ट हा सापळा आहे. ते मूळ बोल्टपेक्षा जास्त जोराने कॅप दाबतात आणि रॉडचं भोक गोल राहत नाही. नवे बोल्ट पूर्ण आवळून भोक मोजा. बिघडलं असेल तर होनिंग, म्हणजे भोक बारीक घासून पुन्हा गोल करणं, लागेल. ते करायचं नसेल तर मूळ बोल्टच लावा.

बेअरिंगचे तुकडे तेलात गेले असतील तर पैसा घालण्याची पहिली जागा ऑइल कूलर. त्याच्या आतल्या अरुंद वाटांतले कण धुऊन पूर्ण निघत नाहीत, म्हणून तो बदला. तेलाचा पंप उघडा, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) मोकळा हलतो का पाहा, गॅलरीचे, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे, प्लग काढून आतून ब्रश फिरवा, टर्बो असेल तर त्याची तेलाची नळी बदला. हे टाळून महाग बेअरिंग घेतलेल्या कामांची बेअरिंग दुसऱ्यांदाही जातात.

जोडणी

हात धुवा. शेलची पाठ आणि ती बसते ती जागा कोरडी आणि स्वच्छ हवी. तिथे तेल लावायचं नाही. तेल लागलं की उष्णता नीट वाहून जात नाही आणि शेल घट्ट धरलं जात नाही. शेल दाबून बसवल्यावर त्याची टोकं तोंडापेक्षा किंचित वर राहतात. हा दोष नाही. कॅप आवळताना हीच जादा लांबी दाबली जाऊन शेल जागेवर पकडलं जातं. टोकं कधीही घासू नका. शेलला जीभ असेल तर ती खाचेत बसली पाहिजे.

मेन बेअरिंगमध्ये खाच आणि भोक असलेलं शेल बहुधा ब्लॉकच्या बाजूला आणि साधं कॅपच्या बाजूला जातं. उलटं लागलं तर तेलाची वाटच बंद होते. थ्रस्ट वॉशरच्या (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या) खाचा क्रँककडे तोंड करून हव्यात. क्रँकचा पुढे-मागे खेळ डायल गेजने पाहा, मॅन्युअलमधली मर्यादा साधारण ०.०५ ते ०.२५ मिमीच्या आतली असते.

आतल्या पृष्ठभागावर असेंब्ली ल्यूब लावा, नवे बोल्ट सांगितल्याप्रमाणे तेल लावून टप्प्याटप्प्याने आवळा, मग कोन द्या. टॉर्क न्यूटन मीटरमध्ये आहे की फूट-पाउंडमध्ये, हे वाचून घ्या. प्रत्येक कॅप आवळली की क्रँक एक पूर्ण फेरी हाताने फिरवा. अचानक जड झाला तर दोषी कॅप आत्ताच लावलेलीच आहे, शोधत बसावं लागत नाही.

चेंबरला सीलंटची ३ मिमीच्या आसपास एकसारखी धार पुरे, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने. जास्त लावलं की ते आत पिळून निघतं, तुटतं आणि पिकअपच्या जाळीवर बसतं. ट्यूबवर दिलेला वेळ सुकू द्या, मगच तेल भरा.

पहिल्यांदा चालू करताना

फिल्टर उभा लागत असेल तर तेलाने भरून लावा. इंधन आणि इग्निशन बंद ठेवून स्टार्टरने दहा-दहा सेकंद, मध्ये विश्रांती देत, गेजवर दाब दिसेपर्यंत फिरवा. चालू केल्यावर काही सेकंदांत दाब आला नाही तर लगेच बंद करा. आला तर मध्यम आरपीएमवर कमी-जास्त करत गरम होऊ द्या, गळती पाहा, गरम इंजिनाचा दाब लिहून ठेवा.

तुकडे सापडलेल्या इंजिनात अर्ध्या तासानंतर फिल्टर बदला, दुसरा फिल्टर यासाठीच आणलेला असतो. पहिला कापून पाहा. त्यात असेंब्ली ल्यूबचा गडद चिकटा आणि एखाद-दुसरा कण असेल. नवे रुपेरी किंवा लाल कण दिसले तर चेंबर पुन्हा उघडा, कारण गाडी चालवून ते थांबत नाहीत. सगळं स्वच्छ असेल तर ५०० किमीला तेल आणि फिल्टर दोन्ही बदला, आणि तोवर ना आरपीएम वर ताणा, ना वरच्या गिअरमध्ये ओढत चालवा.